निळ्या कंदिलाचा मुक्काम

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. हे पत्र मी उन्हाळाभर टाळलं. रोज ठरवायचे, आणि मग कुणाचा कुत्रा सुटायचा, कुणाची वीज जायची, नाहीतर मलाच कंटाळा यायचा. शिवाय माझं लिहिणं तुला माहीतच आहे. माझी शाळा झाली तुझ्या ट्रकच्या मागच्या सीटवर, आणि शिकवायची वेळ आली की तू नेमका घाट चढत असायचास.

मी कुठे आहे ते ऐक आणि चडफड. मी निळ्या कंदिलात आहे. हो, तेच, ट्रेलर लावून राहायच्या तळांची ती साखळी. हायवेवर त्यांची पाटी दिसली की मी आणि आई 'आज इथे राहू या ना' म्हणायचो आणि तू मुद्दाम वेग वाढवायचास. 'डबाबंद जंगल आहे ते. देशभर तेच दुकान, तोच पोहण्याचा तलाव, तीच दात काढणारी माणसं. पैसे मोजून झोपायचं तर घर काय वाईट होतं?' घर तूच विकलंस, बाबा. आणि मग आपण झोपायचो सुपरमार्केटच्या पार्किंगात, डोळ्यांवर खांबाचा दिवा घेऊन, नाहीतर सरकारी माळावर, जिथे वाऱ्याने आपला राहायचा ट्रेलर हलायचा आणि तू म्हणायचास, 'याला म्हणतात मोकळीक!'

इथे साउथ डकोटात मी वसंतात कामाला लागले. मालकीण ओपल. पाटी साखळीची, पण जागा हिची आणि जीभही हिचीच. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, 'तोंड असंच ठेवणार असलीस तर संडास धुवायला जा, काउंटरवर उभी राहू नकोस.' गेले. तर लोक मुद्दाम येऊन सांगतात, की पोरी, इतके स्वच्छ संडास घरीही नाहीत आमच्या. तुझ्याकडून आयुष्यात मला एवढी शाबासकी मिळाली नाही. रविवारी सकाळी ओपल सगळ्यांना पॅनकेक घालते. काल ओरेगनचे म्हातारा-म्हातारी शेजारच्या अनोळखी पोरांना मार्शमेलो भाजायला शिकवत बसले होते. परवा एक बाई पोपट घेऊन आली, तो आतून सारखा 'डावीकडे, गाढवा, डावीकडे' ओरडत होता. मला तुझीच आठवण आली. असो, पोपटाचं नाही सांगायचं मला.

आई इथे आहे. तुला वाटतंय ती मावशीकडे आहे, कारण मावशीला तसं सांगायला मीच लावलं. मे महिन्यात तू पंपावर डिझेल भरत होतास आणि ती समोरच्या बसमध्ये चढली, ती थेट माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी आंघोळीला गेली तर मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. नळ सुरू, नळ बंद. मग साबण. मग नळ सुरू, नळ बंद. तूच लावलेली शिस्त, टाकीतलं पाणी संपू नये म्हणून. मी ओरडले, 'आई, इथे टाकी नाहीये, सोड ना पाणी!' आतून म्हणाली, 'सवय गं.' कितीतरी दिवस तसंच चाललं. मग एके दिवशी नळ बंदच झाला नाही. मी बाहेर थांबले, थांबले, शेवटी तिथेच खाली बसले. ती लालबुंद होऊन बाहेर आली आणि म्हणाली, 'काय बघतेस? मेलं सुख आहे हे.'

आणि तिचं मनगट अजून वाकडंच आहे. मोआबच्या मुक्कामात तू ट्रेलर मागे घेत होतास, ती मागे उभी राहून दोन्ही पंजे दाखवत होती. थांब, थांब. तूच शिकवलेला नियम, की आरशात मागचा माणूस दिसला नाही तर गाडी हलवायची नाही. तू आरशात बघितलंच नाहीस. ट्रेलर आणि खांब यांच्यामध्ये हात सापडला तिचा, आणि उतरल्यावर तू आधी ट्रेलरचा पोचा बघितलास. मग म्हणालास, 'उभं कुठे राहायचं ते कळत नाही का?'

ते तिला नीट कळतं. इथे तेच काम करते ती. छोट्या गाडीत बसून नव्या पाहुण्यांच्या पुढे जाते, जागा दाखवते, आणि मग मागे उभी राहून त्यांना आत घेते. बसएवढी घरं चालवणारे बाप्ये तिच्या पंज्यावर जागच्या जागी थांबतात. ज्या जोडप्यांचं दर मुक्कामाला याच कामावरून भांडण होतं ना, ती उतरून तिच्याशी हात मिळवतात. इंटरनेटवर लोक तलावापेक्षा तिचंच कौतुक जास्त लिहितात. एकाने तर लिहिलंय, वाकड्या मनगटाच्या बाईंनी आम्हाला पिसासारखं अलगद टेकवलं.

आता हे का लिहिलं ते. आई परत येणार नाही. तिला स्वतः लिहायचं होतं, पण 'प्रिय'च्या पुढे जाईना, म्हणून मी म्हटलं, आण इकडे. तिला शोधू नकोस. आलास तर ओपल तुला...

थांब, बाबा. फाटकातून एक करडा ट्रेलर आत येतोय, मागच्या कोपऱ्यावर पोचा. तो पोचा मी कुठेही ओळखेन. ते पिसाचं कौतुक तू वाचलंस आणि मनगटावरून तिला ओळखलंस, हो ना? ओपल काउंटरवरून ओरडतेय, 'एकटाच आहे गं, गरम पाणी आहे का विचारतोय!' मी उठले, तर आईने टोपी चढवली आणि म्हणाली, 'तू बस. माझं काम आहे ते.' आता ती तुझ्या ट्रेलरच्या मागे उभी आहे, दोन्ही पंजे वर. तुझे मागचे लाल दिवे लागलेत. ट्रेलर अजून जागेत शिरलेला नाही, रस्त्यातच आडवा थांबलाय, आणि तू आरशात बघतोयस. तिने हात खाली घेतलेले नाहीत.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
रोवेना