मुंगीमुक्त अंगणातील मुंग्यांबाबत

दि. २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
परदेशी मुंगी निर्मूलन कक्ष,
दुसरा मजला, वागळे इस्टेट, ठाणे (प.)

अर्जदार: श्रीमती ठमाबाई धाकू तांडेल, वय ६३, धंदा सुकी मासळी, रा. चिंबोरीपाडा, खाडीकाठ, जि. ठाणे.
अर्ज लिहून देणार: कु. पायल महेंद्र शिरसाट, बी.एस्सी. (प्राणिशास्त्र), शेजारी.

विषय: आपल्या एका कागदानुसार मुंग्या असलेल्या व दुसऱ्या कागदानुसार मुंग्या नसलेल्या एकाच अंगणाबाबत निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ: (१) अर्जदारांचे अर्ज दि. ५ फेब्रुवारी, २४ मार्च व ७ एप्रिल.
(२) आपला बंदी आदेश दि. १ मार्च.
(३) आपले अभिनंदनपत्र दि. २० मार्च.

महोदय,

१. अर्जदार ठमाबाई गेली चाळीस वर्षे घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवतात आणि कल्याणच्या बाजारात बसून विकतात. बाजारातली त्यांची जागा सासूबाईंपासून चालत आलेली आहे. तिचा कागद नाही, पण तिथल्या बायकांचा एक नियम आहे: जी दोन महिने बसली नाही, तिची जागा गेली. ठमाबाई शेवटच्या बसल्या त्या एक मार्चला. एक मेला दोन महिने भरतात. हा अर्ज त्या जागेसाठी आहे. मुंग्या मधे आल्या आहेत, आणि मुंग्यांच्या मधे आपला कक्ष.

२. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी ठमाबाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "आगो पायल, बघ तरी, जवला चालाला लागला!" जवळा खरोखर चालत होता. प्रत्येक कोळंबीखाली चार-पाच तांबड्या मुंग्या होत्या आणि मिरवणूक कुंपणाकडे निघाली होती. आपल्या कक्षाच्या रंगीत पत्रकावर जिचे चित्र आहे आणि जिच्याखाली "दिसताच कळवा" असे छापले आहे, तीच ही मुंगी. ती दिसली. कळवले. चूक तिथेच झाली, असे ठमाबाईंचे आजचे मत आहे.

३. तेरा दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, आपले पथक आले आणि त्याने पाड्यात डासांच्या यंत्राने धूर केला. धूर वर गेला. मुंग्या खाली होत्या. या जातीच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात, आणि वरवरचा त्रास झाला की वसाहत फुटून दोन-तीन ठिकाणी नव्याने बसते, हे आपल्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिलेले आहे. पथकाकडे बहुधा पुढची बाजूच होती. धुरापूर्वी अंगणाच्या कडेला एक वारूळ होते. आठवड्याने चार झाली. डास मात्र कमी झाले, त्याबद्दल पाडा आभारी आहे.

४. एक मार्चला ठमाबाई बाजारातून परतल्या, तेव्हा बंदी आदेश आला होता. चिंबोरीपाडा बाधित क्षेत्र ठरला आणि तिथून कोणताही खाद्यपदार्थ बाहेर नेण्यास मनाई झाली. कल्याणच्या वाटेवर, शीळफाट्यावर, आपला तपासणी नाका बसला. हा आदेश शास्त्राला धरून आहे आणि ठमाबाईंनी तो पाळला. मुंगी कल्याणला पोचू नये हे त्यांनाही कळते. त्यांचा आग्रह एवढाच की ती चिंबोरीपाड्यातही राहू नये. विषारी आमिषाचे दाणे पुढच्या फेरीत देऊ, त्याआधी फक्त एक पाहणी होईल, असे सांगण्यात आले.

५. पाहणीची तारीख १२ मार्च. निरोप आदल्या संध्याकाळी आला. अर्ज लिहून देणारी त्या दिवशी माजिवड्याला नोकरीच्या मुलाखतीला गेली होती, नाहीतर पुढचे टळले असते. सरकारी माणूस दारात येणार म्हटल्यावर ठमाबाईंनी पहाटे उठून तेच केले, जे पाड्यातली कोणतीही बाई करेल. सगळा जवळा घरात नेला. खाडीचे खारे पाणी ओतून अंगण खराट्याने घासले. वर शेणाने सारवले. रांगोळी काढली. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी निरीक्षक श्री. सर्वेश कारखानीस आले. रांगोळी मोडू नये म्हणून त्यांनी कडेकडेने साखरपाण्यात भिजवलेल्या कागदाच्या दहा पट्ट्या ठेवल्या, वीस मिनिटे थांबले आणि पट्ट्यांवर आलेल्या मुंग्या मोजल्या: शून्य.

ठमाबाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, मुंग्या सकालच्या बघा." साहेब म्हणाले, "मावशी, आमची ड्यूटी दहाला सुरू होते." त्यावर त्या म्हणाल्या, "मंग मुंग्यांना नोटीस काढा, धा वाजता हजर रवा म्हनून." साहेब मनापासून हसले. एवढे स्वच्छ अंगण आपण अख्ख्या जिल्ह्यात पाहिले नाही, असेही म्हणाले. ठमाबाईंना इतके बरे वाटले की त्यांनी पावकिलो जवळा पिशवीत बांधून दिला आणि साहेबांनी तो घरी नेला. बंदी आदेशाला तेव्हा अकरा दिवस झाले होते. याबाबत तक्रार नाही. जवळा प्रेमाने दिलेला होता.

संध्याकाळी पायलने कपाळावर हात मारला. "आजी, आजच कशाला सारवलंत?" ठमाबाईंना प्रश्नच समजला नाही. "मंग काय? मानूस दारात येवाचा आन मी अंगन घान ठेवू?"

६. २० मार्चला आपले अभिनंदनपत्र आले: चिंबोरीपाडा मुंगीमुक्त. सबब आमिषाचे दाणे रद्द. त्याच आठवड्यात पाड्याच्या तोंडाशी 'मुंगीमुक्त पाडा' असा लोखंडी फलक बसला. फलकाच्या खड्ड्यात भुसभुशीत माती टाकली होती. पाचवे वारूळ तिथे आहे. ते खणून काढण्यास पाड्यातले लोक तयार होते, परंतु फलक शासकीय मालमत्ता असल्याने त्याच्या पायाला हात लावल्यास कारवाई होईल असे कळवण्यात आले.

७. पाडा मुंगीमुक्त झाल्यावर बंदी उठली असेल, असा ठमाबाईंचा भाबडा समज झाला. आपल्या टेबल क्र. २ वर सांगण्यात आले की उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणा, बंदी उठेल. टेबल क्र. ४ वर सांगण्यात आले की मुंगीमुक्त क्षेत्रात उपचार करता येत नाही, त्यामुळे दाखला देता येत नाही. दोन टेबलांमध्ये अंतर नऊ फूट आहे. ठमाबाईंनी ते दोन दिवसांत सात वेळा चालून पाहिले. दोन्ही टेबलांवर मान मात्र कोणालाच वर करावी लागली नाही.

७ एप्रिलच्या अर्जासोबत स्पिरिटमध्ये बुडवलेल्या सदतीस मृत मुंग्यांची बाटली दिली होती. ती पुढील शेऱ्यासह परत आली: "मुंगीमुक्त क्षेत्रातून मुंग्यांचा नमुना स्वीकारता येत नाही." हे वाक्य पायलने वहीत उतरवून घेतले आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात इतके निर्दोष तर्कशास्त्र तिच्या वाचनात आले नव्हते.

८. आता आकडे. पायलने आपलीच पद्धत वापरून, तितक्याच पट्ट्या आणि तितकीच मिनिटे, न सारवलेल्या अंगणात सलग पाच दिवस मोजणी केली. सकाळी साडेसहाला सरासरी ४१२ मुंग्या. दुपारी सव्वाला सरासरी ३. तेव्हा जमिनीचे तापमान ५३ अंश होते आणि शहाण्या मुंग्या बिळात होत्या. उन्हात बाहेर फक्त आपले निरीक्षक होते. तक्ता सोबत जोडला आहे.

९. परवा कल्याणहून मालूबाईंचा फोन आला. त्या ठमाबाईंच्या शेजारी बसतात. "ठमे, तुझ्या जागेवर रोज गोणपाट पसरून ठेवते. काल एकीनं उचलून बाजूला ठेवलं. मी भांडले. पण गोणपाटाला बायका किती दिवस घाबरतील गं?" ठमाबाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. हे आपल्या कोणत्याही नमुन्यात भरता येत नाही, म्हणून इथे लिहिले आहे.

१०. तरी विनंती अशी की:

(अ) मुंग्या आहेत की नाहीत हे कक्षाने एकदाच ठरवावे. दोन्ही उत्तरे अर्जदारांना चालतील. आहेत, तर दाणे द्यावेत. नाहीत, तर जवळा सोडावा. आहेतही आणि नाहीतही, एवढे मात्र परवडत नाही.

(ब) फेरपाहणी २९ एप्रिलपूर्वी, सकाळी साडेसहाला करावी. त्या दिवशी अंगण झाडणार नाही, धुणार नाही, सारवणार नाही, अशी लेखी हमी ठमाबाई या अर्जाद्वारे देत आहेत. हे वाक्य लिहिताना त्यांनी पायलचा हात दोनदा धरला. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "लिही. पन कंसात लिही, रोज आसं नसतं." (रोज असे नसते.)

११. उत्तर न आल्यास, बुधवार दि. ३० एप्रिल रोजी सकाळी सात वाजता ठमाबाई शीळफाट्याच्या आपल्या नाक्यावर जवळ्याच्या अकरा टोपल्यांसह स्वतःहून हजर होतील. टोपल्या दहा दिवस पाण्याच्या परातीत, विटांवर ठेवलेल्या आहेत आणि रोजच्या मोजणीत त्यांत एकही मुंगी आढळलेली नाही. तरीही आपण प्रत्येक टोपली उपडी करून पाहावी आणि जे दिसेल ते पंचनाम्यात आकड्यात लिहून सही करावी. शून्य लिहिलेत, तर टोपल्या अडवायला कारण उरत नाही. एक जरी लिहिलीत, तर चिंबोरीपाड्यात मुंगी असल्याचा तो आपल्याच सहीचा पुरावा होईल, आणि दाण्यांची गाडी त्याच दिवशी पाड्यात यावी. तोवर ठमाबाई नाक्यावर बसून राहतील. त्यांना बसायची सवय आहे. चाळीस वर्षे त्यांनी दुसरे काही केलेले नाही. फक्त बसायची जागा कल्याणला असावी, एवढीच त्यांची इच्छा आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,

(सही) ठमाबाई धाकू तांडेल

सोबत:
१. मोजणीचा तक्ता, पाने २.
२. बंदी आदेश व अभिनंदनपत्र, एकाच टाचणीने जोडलेले.
३. टोपल्यांची यादी. पंचनाम्यासाठी आकड्याचा रकाना कोरा ठेवला आहे.