मोकळा चौकोन

ता. ४ जानेवारी

ती. बाबांस ठकीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या महिन्यात तुम्ही येऊन गेलात आणि माझा ताप उतरला, पण आता डोकं फिरायची वेळ आली आहे. तंबूमागचा माझा चौकोन आठवतो? बारा वर्षांपूर्वी मी तिथले दगड उचलून बाजूला रचले होते. इथल्या वाळवंटाची ही फरशीसारखी दगडी जमीन मोकळी जागा पुन्हा कशी भरून काढते, ते मोजायचं होतं. वर्षाकाठी कडेचे दोन-तीन खडे आत सरकत. परवा पाहते तर चौकोन काठोकाठ भरलेला, दगडाला दगड लागून. वाऱ्याने म्हणावं तर वारा नव्हता. वरिष्ठ म्हणतात, मोठा शोध आहे, पंधरवड्यात जाहीर करू. मला आनंद झालाय की भीती वाटतेय, तेच कळत नाही.

तुमची गोंधळलेली,
ठकी

ता. ९ जानेवारी

चि. ठकीस बाबांचे आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. जेवण तसंच राहिलं म्हणून तुझी आई रागावली आहे.

चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी फरश्या बसवल्या. तू तापाने झोपलेली, मला करमेना. मागे जाऊन पाहतो तर इतक्या सुरेख जमिनीला मधेच भगदाड, आणि शेजारी दगडांचा ढीग. वाटलं, कुणी काम अर्धवट टाकून पळालं. तीन दिवस बसून भरून काढलं. आपणहून बघशील नि खूश होशील म्हणून बोललो नाही. बारा वर्षं गं, माझ्या हातांनी घालवली. वरिष्ठांना आता काय सांगशील?

आणि एवढी धूळ उडते, तरी तिथले दगड तिच्यात बुडत कसे नाहीत? माझं त्यातही डोकं चालत नाही.

तुझा अपराधी बाप

ता. १६ जानेवारी

ती. बाबांस नमस्कार.

वरिष्ठांना खरं सांगितलं. ते हसले. शोध बारगळला. मीही दोन दिवस तुमच्यावर रागावले होते, म्हणून पत्राला उशीर.

दगड बुडत नाहीत, कारण वाऱ्याने आलेली धूळ फटींतून खाली उतरते आणि तिचा थर त्यांना केसाकेसाने वर उचलतो. त्याला हजारो वर्षं लागतात.

आपले आपण सरकलेले एकोणतीस खडे कुठले आणि तुमचे कुठले, मला ओळखता येत नाही, इतकं तुमचं काम बेमालूम आहे. तुमचा हात तुम्हालाच ओळखू येईल. गुडघ्याला पट्टा बांधून या, तुमचे तेवढे एकेक दगड उचलू. तुमच्या हातची एक ओळ मात्र तशीच ठेवू. ती धुळीने वर उचललेली दिसायला माझा जन्म पुरणार नाही, तरी मी मोजायला घेणार आहे.

वाट पाहते.

तुमची,
ठकी