कॅप्टनच्या कपाटातला देव

अण्णा,

तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच म्युझियममध्ये आहे. तुम्ही युनिफॉर्म घालून दाराशी उभे असायचात, मी आत टेबलाशी बसून वस्तूंच्या नोंदी ठेवते, एवढाच फरक. एडिनबरापासून बसने तासाभरावरचं हे गाव फारसं बदललेलं नाही. समुद्राचा वारा तसाच कानात शिरतो आणि दारावर कॅप्टनचं नावही तसंच आहे. हा कॅप्टन इथून जहाज घेऊन जायफळाच्या बेटांकडे गेला, त्यातलं एक बेट त्याने बंदुकीच्या जोरावर बळकावलं, स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि म्हातारपणी पेट्या भरून घरी आला. तुम्हाला तो फार आवडायचा. त्याच्या गोष्टी तुम्ही असं तिखटमीठ लावून सांगायचात की ऐकणाऱ्याला वाटावं, जहाजावर तुम्हीही होतात. घरी आई श्रीखंडात जायफळ किसायला लागली की तुम्ही म्हणणार, "आमच्या साहेबांच्या बेटावरचं आहे बरं का ते." आई मान वर न करता म्हणायची, "ग्लासगोच्या दुकानातलं आहे."

ऑक्टोबरची शाळेची सुट्टी आहे, मी नऊ वर्षांची आहे. सोमवार म्हणजे म्युझियम बंद, काचेची कपाटं उघडून पुसायचा दिवस. आईची हॉस्पिटलमध्ये शिफ्ट आहे म्हणून तुम्ही मला बरोबर आणलंय. बेटावरच्या वस्तूंच्या कपाटात एक वीतभर उंचीची लाकडी मूर्ती आहे, गुडघ्यांवर हाताची घडी घालून बसलेली. खाली पाटी: बेटाच्या प्रमुखाने कॅप्टनला दिलेली भेट. तुम्ही एकदा दाराकडे बघता, बूट काढता, डब्याच्या पिशवीतून आईचा करंडा काढता आणि मूर्तीच्या कपाळाला आधी हळद लावता, मग कुंकू. मोज्यातून तुमचा अंगठा बाहेर आलाय. "दसरा आहे ना या आठवड्यात," तुम्ही म्हणता. "देव आहे तो. कोणाचा का असेना, त्याला असा कोरडा ठेवायचा?" दोन मिनिटांनी तुम्ही ते फडक्याने पुसूनही टाकता. मी विचारते, "अण्णा, आपण आपला देव कोणाला गिफ्ट देऊ का? मग त्यांनी कसा दिला?" तुम्ही एवढे चिडाल असं मला वाटलं नव्हतं. "ज्यांचं खातो त्यांच्यावर शंका घ्यायची नाही. ड्युटीच्या जागी असले प्रश्न नकोत. आणि हे कुंकवाचं कोणाला सांगायचं नाही, कळलं?" कळलं. पुढे तुम्ही रिटायर होईपर्यंत दरवर्षी दसऱ्याजवळच्या सोमवारी हा कार्यक्रम झाला आणि मी तोंड शिवून बसले.

गेल्या वर्षी त्या बेटावरून पत्र आलं, की आमची मूर्ती परत द्या. आमच्या ट्रस्टींचा नियम असा, की पूजेतली वस्तू उचलून आणलेली असेल तर ती परत करायची, भेट मिळालेली असेल तर नाही. पाटीवर तर भेट लिहिलेलं. मग मूर्ती तपासायला लॅबमध्ये गेली. रिपोर्ट आला: कपाळावरच्या खाचेत हळदीचे आणि चुन्याचे अंश. बेटावरही पूजेला हळद लागतेच म्हणे. म्हणजे ही पूजेतली मूर्ती, ती कोणी आपल्या हाताने देऊन टाकणार नाही. सगळे खूश झाले. ऑफिसात केक आला. कुंकू हळद आणि चुन्याचंच असतं हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं. मी केक खाल्ला, अण्णा.

मूर्तीचा निर्णय ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये होणार होता; त्याच्या दोन दिवस आधी बेटावरून एक बाई आल्या. साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, अंगात कोणाचा तरी उसना जाड कोट. त्यांचं आडनाव कॅप्टनचंच. मळ्यावर राबणाऱ्या सगळ्यांना त्याने आपलं आडनाव लावलं होतं, गुरांना डाग देतात तसं, आणि ते अजून त्यांच्या पासपोर्टवर आहे. कपाटासमोर त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आमचे आजोबा. गाव जाळलं त्या दिवशी नेले." म्हणजे तो देवसुद्धा नव्हता. तुम्ही वीस वर्षं दसऱ्याला दुसऱ्यांच्या पितराला कुंकू लावत होतात!

मला राहवलं नाही. कँटीनमध्ये चहा घेताना मी अडखळत त्यांना कुंकवाचं सांगून टाकलं. त्या मला गप्प राहायला सांगतील अशी माझी आशा होती. त्यांनी एवढंच विचारलं, "लावताना तो माणूस काही म्हणायचा का?"

"कोरडं ठेवू नये, म्हणायचा."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मीटिंगमध्ये सांग. खोटं सांगून त्यांना इथे ठेवलं. खोटं सांगून मी त्यांना घरी नेणार नाही."

"पण मग ते देणार नाहीत."

"पुन्हा मागू. आम्हाला सवय आहे."

गुरुवारी मीटिंगमध्ये मी सांगितलं. चेअरमननी चष्मा काढून पुसला आणि निर्णय पुढे ढकलला. आता गाव जाळल्याचा कागदी पुरावा हवा आहे. कॅप्टनने असा कागद मागे ठेवला असता तर तो कॅप्टन कसला! बाई रिकाम्या हाताने परत गेल्या. एअरपोर्टच्या बसपर्यंत मी पोचवायला गेले, तर त्याच माझा हात थोपटत होत्या. मला तुमचा राग आला, अण्णा, फार आला. तुमच्या भाबडेपणाचा आला, आणि त्या लुटारूच्या गोष्टी रंगवून सांगण्याचा त्याहून जास्त आला. तरी कपाटातल्या त्या म्हाताऱ्या पितराची इतक्या वर्षांत कोणी विचारपूस केली असेल तर ती तुम्हीच, हेही मला कळत होतं. घरी येऊन मी कोट न काढताच हे लिहायला बसले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. पत्ता असता तरी मी ते पाठवलं नसतं. मीटिंगमध्ये चेअरमननी मला विचारलं होतं, कुंकू लावणारा तो माणूस कोण? तुमच्या वेळचं आता तिथे कोणी उरलेलं नाही. टेबलापलीकडे त्या बाई माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, "पूर्वीचा कोणी अटेंडंट. नाव आठवत नाही."