इंटरनेटच्या प्रॉम्प्टराविरुद्ध तक्रार

वडसा,
गुरुवार, १६ ऑक्टोबर २००८

आदरणीय मनसाराम भाऊ यांना धाकट्या नथ्थूचा वडशाहून वाकून नमस्कार.

पुण्यात तब्येत कशी आहे? तिथलं पाणी मानवलं का? रोशनची नोकरी ठीक आहे ना? सूनबाई दोन्ही वेळा भात वाढते की पुण्याच्या रीतीने पोळ्यांवर भागवते? (जया बेटा, राग मानू नको. पत्र तूच वाचून दाखवतेस, हे रोशनने फोनवर सांगितलं. कंसातला मजकूर मोठ्याने वाचायचा नसतो, एवढं ध्यानात ठेव. नाटकाच्या वहीतही प्रॉम्प्टर कंस वाचत नाही. तुझ्या सासऱ्यांच्या आधी आमच्या कंपनीत एक होता, तो कंसही वाचायचा, आणि मी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, भर प्रयोगात, सगळ्या गावासमोर "कपाळावर हात मारून रडतो" असं खणखणीत आवाजात म्हणालो होतो. मग तुझे सासरे आले आणि माझी अब्रू वाचली.) इकडची खुशाली मात्र विचारू नका. मी संतापलो आहे आणि मुख्यतः तुमच्यावर संतापलो आहे. पण वयाने तुम्ही मोठे, म्हणून नमस्कार आधी केला.

सत्तावीस वर्षं, भाऊ! सत्तावीस वर्षं तुम्ही विंगेत टॉर्च आणि वही घेऊन बसलात आणि मी तुमच्यापासून सहा हात अंतरावर बाप म्हणून उभा राहिलो. तुम्ही हळू बोलायचं, मी मोठ्याने बोलायचं. झाडीपट्टीच्या नटाला आज एक गाव, उद्या दुसरं, आज सावकार, उद्या शेतकरी. पाठ करायला सवड कुठे असते? कानावर पडलं की तोंडातून गेलं पाहिजे, हीच आपली विद्या. लोक म्हणायचे, नथ्थूचा बाप रडला की बायकांचे पदर ओले होतात. आणि तुम्ही आषाढात एक पिशवी उचलून पुण्याला निघून गेलात. "नथ्थू, डोळ्याची नस सुकली म्हणते डॉक्टर. वही दिसत नाई. आता मी काय कामाचा?" एवढं बोललात आणि गाडीत चढलात. मी फलाटावर उभा होतो. मला त्यावर एक शब्द सुचला नाही, कारण सुचवणाराच गाडीत बसला होता.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते ऐका. आपल्या कंपनीचे मालक सूरज सेठ यांच्या डोक्यात व्हीसीडी शिरली. आपलं ते बाप-लेकीचं जुनं नाटक कॅमेऱ्यावर घेऊन बाजारात विकायचं, आणि माइकमध्ये प्रॉम्प्टरचा आवाज येता कामा नये. कारण मागच्या वेळी कोणीतरी मोबाइलवर घेतलं, त्यात म्हणे माझं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, आधी तुमचं बारीक, मग माझं ठोक. मला विचाराल तर ऐकायला गोडच लागत होतं. पण सूरज सेठने हुकूम काढला, यंदा विंगेत प्रॉम्प्टर नाही, आणि ज्याला पाठ होणार नाही त्याने घरी बसावं. बापाची भूमिका मग कोणा बी. ए. झालेल्या पोरगेल्या नटाला मिळणार, दाढी चिकटवून. माझी भूमिका, भाऊ! ज्या लेकीसाठी मी सत्तावीस वर्षं रडलो, तिच्यासाठी आता दुसरंच कोणीतरी रडणार.

घाबरून मी तुम्हाला फोन केला. त्यावर तुम्ही काय म्हणालात? आठवतं ना? "नथ्थू, माणूस मरेपर्यंत शिकू शकते. रोशन म्हणते, इंटरनेटवर डोकं तल्लख करायचे वर्ग हायेत. जाय अन् शिक." अहो, सत्तावीस वर्षांचा सोबती स्वतः पुण्यात जाऊन बसतो आणि मला मशीनच्या हवाली करतो! तरीही मी गेलो. तुमच्या तोंडून आलेलं वाक्य मी आजवर कधी खाली पडू दिलेलं नाही.

वडशात स्टेशनच्या रस्त्यावर सुरेंद्रचं इंटरनेटचं दुकान आहे. आत तीन खोपटं, प्रत्येकाला पडदा. पोरं निकाल बघायला आणि नोकरीचे फॉर्म भरायला येतात. सुरेंद्रने मला मधल्या खोपटात बसवलं, स्मरणशक्तीचा एक हिंदी वर्ग शोधून दिला, कानाला यंत्र लावलं आणि पडदा ओढून घेतला. आता तुम्हीच सांगा, समोर उजेड, बाजूला पडदा आणि कानात बारीक आवाज. अशा वेळी आपला माणूस काय करील? त्या आवाजाने म्हटलं, "नमस्कार, आपका स्वागत है." मीही उभा राहून, छातीतून आवाज काढून म्हणालो, "नमस्कार! आपका स्वागत है!" पलीकडच्या खोपटातल्या पोरीच्या हातून फॉर्मच उडाला. मग आवाज म्हणाला, मी वीस वस्तूंची नावं घेतो, तुम्ही शांतपणे ऐका. हेही मी मोठ्याने म्हटलं. पुढे सुई आली, छत्री आली, उंट आला. छत्री मी आर्ततेने म्हटली, आणि उंट असा म्हटला की रस्त्यावरचे दोघे आत आले. सुरेंद्र पडद्यात डोकं घालून म्हणाला, "नथ्थू भाऊ, मनातल्या मनात बोला ना जी! लोकं पाहून राह्यले." मनातल्या मनात बोलायचं असतं तर मी नट कशाला झालो असतो?

बरं, तो मशीनमधला गुरुजी तरी धड असावा! वस्तूंची चित्रं एकमेकांत गुंफून सांगताना वाक्याच्या मध्येच अडकतो. पडद्यावर एक चकती गोल गोल फिरत राहते आणि गुरुजी गप्प. मी "टोपी में बैठा हुआ" एवढं बोलून हात वर करून ताटकळलो. टोपीत कोण बसलंय ते कळेना, हात खाली घ्यावा तर प्रवेश पडतो. तुम्ही कधी असं केलंत? तुम्हाला खोकला यायचा तेव्हासुद्धा आधी वाक्य पुरं करायचात आणि मग खोकायचात. शेवटी घंटा वाजली आणि आवाज म्हणाला, आता तुम्ही सांगा. मी वाट पाहिली. तोही वाट पाहत होता. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसलो आणि वेळ संपली. पडद्यावर आलं, वीसपैकी शून्य, फिर से कोशिश करें. भाऊ, भामरागडला पुरामुळे अडकलो होतो, तेव्हा ज्यांना मराठी कळत नव्हती त्या म्हाताऱ्यांनीसुद्धा माझं काम पाहून डोळे पुसले होते. आणि हे यंत्र मला म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा!

दुसऱ्या दिवशी वेगळीच तऱ्हा. वर्गात शिरायला पासवर्ड मागितला. स्मरणशक्ती नाही म्हणून जिथे जायचं, तिथे आत जायलाच आधी काहीतरी आठवून दाखवायचं, हा कुठला न्याय? सुरेंद्रने माझ्या कानात पासवर्ड हळूच सांगितला. सवयीने मी तो ठणठणीत म्हटला. आता तो वडशातल्या पानठेल्यावरही ठाऊक आहे. (जया बेटा, तो कोणता शब्द होता ते मी इथे लिहिणार नाही.)

त्या दिवशी गुरुजींनी एक युक्ती शिकवली. जे आठवायचं ते आपल्या घरात ओळीने मांडा आणि मनात घरभर फिरत एकेक उचला. गुरुजींचं घर मोठं असावं. माझ्या दोन खोल्यांत मी तीन पानांचं भाषण मांडायला बसलो. "पोरी" हा पहिला शब्द दारात ठेवला, "तुझ्या मायनं" हे पाण्याच्या माठावर, "अंगणातला मोगरा" धान साठवायच्या छोट्या ढोलीवर, आणि "जा, सुखानं जा" कोंबड्यांच्या खुराड्यात. चार दिवस घरात फिरून फिरून पाय दुखले. आमची कारभारीण प्रेमिला म्हणाली, हे माणूस बसत काऊन नाई? आणि तालमीच्या आदल्या दिवशी तिने ढोली उचलून पलीकडच्या खोलीत ठेवली! मी ओरडलो तर म्हणते, "मले का माहीत तुमचा मोगरा तिथी हाय म्हून? उंदरं धान खाऊन राह्यले होते." सत्तावीस वर्षांत तुमची वही कोणी एक बोट हलवली नाही, आणि इथे माझा अर्धा मेंदूच दुसऱ्या खोलीत गेला.

तालीम मंगळवारी दुपारी झाली. सूरज सेठ खुर्चीवर, कॅमेरावाला शेजारी, आणि तो दाढीवाला पोरगेला नट भिंतीला टेकून उभा, दाढी खिशात. मी मध्ये उभा राहिलो. मनातल्या मनात घराच्या दाराशी गेलो, "पोरी" तिथेच होती, पण उचलता येईना. विंगेत पाहिलं. विंगेत कोणी नव्हतं. तुमचा तो लाकडी स्टूल होता आणि त्यावर कोणीतरी चहाची किटली ठेवली होती. भाऊ, खरं सांगतो, तरीही मी कान दिले. कान द्यायची सवय जात नाही. आणि तेवढ्यात मागून आपल्या कंपनीचा स्वयंपाक करणारी गिरजाबाई कोणाला तरी म्हणाली, "भात बुडाले लागला वो!" झालं! मी आभाळाकडे हात पसरून, आवाजात सगळं काळीज ओतून म्हणालो, "भात बुडाले लागला वो!" आणि गुडघ्यावर बसलो.

सगळे हसले. कॅमेरावाला हसला, सूरज सेठ हसले, तो पोरगा तर भिंत धरून हसला. रडली ती एकटी गिरजाबाई, कारण मी म्हटलं तसं तिच्या भाताचं दुःख आजवर कोणी मांडलं नव्हतं. सूरज सेठने आठ दिवसांची मुदत दिली आहे. पुढच्या मंगळवारी पाठ नसेल तर दाढी खिशातून हनुवटीवर जाईल.

तर हे तुमचं इंटरनेट आणि हे तुमचं मरेपर्यंत शिकणं. तुमच्या नादाने माझा उंट झाला, मोगरा ढोलीबरोबर गेला, आणि ज्या वडशात लोक मला बाप म्हणून ओळखायचे तिथे आता पोरं मला पाहून "भात लागला का?" विचारतात. हा सगळा दोष तुमचा आहे, असं मी स्पष्ट लिहितो. मशीनवर रागावून उपयोग नाही, त्याला लाज नाही. रोशनला आशीर्वाद, नातवाला पापा, आणि सूनबाईला सांगा की पत्र लांबलं त्याला मी जबाबदार नाही. राग निवला तर पुन्हा लिहीन, नाही निवला तरी लिहीन.

तुमचाच,
नथ्थू

ता. क. : पासवर्ड काय ठेवायचा असं सुरेंद्रने विचारलं होतं. म्हणाला, असा शब्द सांगा जो तुम्ही कधीच विसरणार नाही. मी तुमचं नाव सांगितलं. त्यामुळे सध्या वडशात लोक तुमच्या नावाने इंटरनेट उघडतात.

ता. क. दुसरा : काल कंपनीच्या पेटीत तुमचा जुना टॉर्च सापडला. घरी आणून, पेटवून स्टुलावर ठेवला आणि भाषण सुरू केलं. अडीच पानं एका दमात बोललो, एक शब्द चुकला नाही, प्रेमिला साक्षीला आहे. मग टॉर्चचे सेल संपले आणि मीही संपलो. म्हणजे पाठ आहे, भाऊ, सगळं पाठ आहे. नुसतं विंगेत कोणी हवं. मी सूरज सेठला विचारलं, गडी विंगेत बसला पण बोललाच नाही तर? ते म्हणाले, माइकमध्ये येणार नसेल तर माझं काय जाते?

ता. क. तिसरा : (जया, हा कंस मात्र मोठ्याने वाच, आणि वाचताना खोलीत तुम्ही दोघंच असा. भाऊ, पत्र स्पीड पोस्टाने टाकतो आहे, रोशनला सांगून सोमवारपर्यंत वडशाला पोहोचा. फलाटावर मी उभा असेन, माझ्या खांद्यावर हात ठेवा म्हणजे झालं. डोळ्यांचं कारण मला सांगू नका. गेल्या हंगामात चिमूरकडच्या शेवटच्या प्रयोगात, लेकीच्या निरोपाच्या वेळी मी विंगेत पाहिलं होतं. तुमच्या हातातली वही उलटी होती. तुम्ही पान उलटत होतात, ओठ हलत होते, आणि तीन तासांच्या नाटकात तुमचा एक शब्द चुकला नाही. मी कोणाला बोललो नाही. तेव्हा या, नुसते बसा. वही आणू नका.)