गाडीले काहून त्रास

घाटंजी
दि. १५ मे

चि. शीला,

सप्रेम जयभीम. इथं आम्ही मायलेकी मजेत आहोत. तुह्या घरचे सगळे बरे असतीलच, कारण कोणी आजारी असतं तर तू भांडण विसरून फोन केला असता. माहा फोन तू उचलत नाही, मेसेज वाचून गप्प बसते, म्हणून शेवटी पत्र. फाडाचं असलं तरी पहिले वाच.

तुरीची डाळ भरडून झाली, तुहा डबा काढून ठेवला आहे. ऊन असं तापून राह्यलं का दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. गाडी झकास आहे. गेल्या रविवारीच ऑइल बदललं, फिल्टर साफ केला. तुले तर माहीत आहे, तुहे भाऊजी गेले त्या साली एका गॅरेजवाल्यानं आपली नवी बॅटरी काढून जुनी बसवून देल्ली. तेव्हापासून निकिता अन् मी सोडून त्या बॉनेटले कोणाचा हात लागला नव्हता.

बरं, आता मुद्द्याचं. तू आणलेलं स्थळ, आर्णीचा तो कपिल. गॅरेजवाला जवाई मले नको, अन् असली स्थळं आणाची असतील तर तूही येऊ नको, असं म्या तुले तोंडावर म्हटलं. तू तशीच ढाणकीले निघून गेली. निकितानं मात्र त्याचा फोटो मोबाइलमधून काढला नाही. रोज पाहे. शेवटी मंगळवारी मी आर्णीले गेलती.

कायले, म्हणशील. त्याले पाहाले. कोणाले न सांगता, तोंडाले स्कार्फ बांधून, गिऱ्हाईक बनून. अन् गॅरेजच्या अलीकडं एका लिंबाखाली गाडी थांबवली, क्लिप मागं सरकवली अन् इंजिनाचा एक बारका रबरी पाइप म्याच एका बाजूनं सुटा करून ठेवला. गाडी हिव भरल्यावानी थरथराले लागली. म्हटलं, पाहू आता. लुच्चा असन तर म्हणन, इंजिन उतरवा लागते. हसू नको व. तू असती तर तूही हेच केलं असतं. नाही, तू नसतं केलं.

पोट्ट्यानं बॉनेट उघडलं, कान देल्ला, अन् लगेच पाइप हुडकून बसवून देल्ला. गाडी शांत. मी पर्स काढली तर याचे कायचे पैसे, म्हणे. पण मले जाऊ देईना. एकदा क्लिपकडे पाहे, एकदा माह्याकडे. मग हळूच विचारते का घरी कोणाशी वैर आहे काय, शेताच्या बांधाचा, धुऱ्याचा वाद, शेजाऱ्यांशी भांडण? म्या म्हटलं, काहून?

"क्लिप आपोआप सरकत नाही, मॅडम. हे कोणीतरी हातानं केलं. आज पाइप काढला, उद्या ब्रेकची नळी काढन. मी तुम्हाले एकटं जाऊ देत नाही."

शीले, मी माह्याच जाळ्यात फसली. खरं सांगावं तर नाक कापलं जाते, न सांगावं तर हा मले पोलिसात नेते. घरच्या कोणाचा तरी नंबर द्या म्हणे. निकिताचा कसा देऊ? शेवटी गॅरेज गड्यावर सोडून, ब्रेक अन् स्टेअरिंग तपासून तो बाजूच्या सीटवर येऊन बसला. चालवली मीच. अर्ध्या रस्त्यात म्हणते, क्लचवर पाय ठेवून चालवू नका. म्या म्हटलं, इतकी वर्षं चालवून राह्यली मी. म्हणूनच सवय लागली, म्हणे. मले रागही आला अन् हसूही.

घरी निकिता दारातच उभी. तिनं त्याले वळखलं, त्यानं तिले, अन् दोघंही खांबावानी जागच्या जागी. पण पोट्टा कामाचा पक्का. लाजत लाजत का होईना, पहिले पाइपाचं सांगितलं, गाडी कुलपात ठेवत जा म्हणाला. निकितानं क्लिप पाहिली अन् मग माह्याकडे पाहिलं. ती क्लिप सरकवाले म्याच तिले शिकवलं आहे. मग कबूल कराच लागलं.

मले वाटलं, हसन. नाही हसला. चांगलाच तापला.

"पोरगा पाहाचा होता तर चहाले बोलवाचं होतं," तो म्हणाला. "गाडीले काहून त्रास देल्ला?"

त्याच घडीले माहा जीव त्याच्यावर बसला, शीले.

आता जे तुले सांगाचं टाळून राह्यली, ते सांगते. गॅरेजवाल्याचा राग हे निमित्त होतं. दर रविवारी निकिता स्टेअरिंगवर बसून ॲक्सिलेटर दाबते, मी बॉनेटमधी कान लावून "आणखी, आणखी" म्हणते. तुहे भाऊजी गेल्यावर आम्ही दोघी अशाच सावरलो. पोरगी गेल्यावर ॲक्सिलेटर कोण दाबन, या भेवानं म्या तुह्या स्थळाले नाव ठेवलं. तू कलेक्टर आणला असता तरी म्या खोट काढली असती. निकिताले हे सांगितलं तर म्हणते, आर्णी काय परदेशात आहे काय? अन् मले बिलगून रडली. मग हसली. मग दोघी हसलो.

चहा पिऊन तो स्टँडकडे निघाला तर म्या हाक मारली अन् गाडीची चाबी त्याच्या हातात देल्ली. म्हटलं, तूच क्लच पाहून दे. रविवारी घेऊन ये, येताना आईवडिलांनाही आण. तो गाडी घेऊन आर्णीले गेला. दोन दिवस झाले, अंगण रिकामं आहे, अन् मले एकदाही घोर लागला नाही.

निकिता हो म्हणून बसली आहे. मी अजून म्हटलं नाही, तू आल्याशिवाय म्हणणारही नाही. तू शनिवारीच ये. स्टँडवर तुले घ्याले मी येते. गाडी नाही, पायीच येते.

तुही वाट पाहणारी,
ताई