रुंद दरीचं आडनाव

१४ सप्टेंबर १९८६, रविवार

रॉडनीने आज जेवताना सांगून टाकलं — लग्नानंतर तो आमचं आडनाव लावणार नाही! होणाऱ्या बायकोचं लावणार. हार्कोर्ट. "आई, साइडबॉटम नावाच्या माणसाचं कोण मनावर घेतं गं? शाळेत पोरं मला 'एककुल्ल्या' म्हणायची. माझ्या पोरांची तरी यातून सुटका करतो."

खरं सांगायचं तर मला पटलं. आमच्या लग्नात पाद्र्याने क्लेमंटचं पूर्ण नाव घेतलं, तेव्हा माझी सख्खी बहीण फिदीफिदी हसली होती.

क्लेमंट बटाटे चिवडत बसला.

१६ सप्टेंबर

क्लेमंट लायब्ररीत. दिवसभर!

१९ सप्टेंबर

बस कंपनीतून निवृत्त झाला की बागेत लक्ष घालील म्हटलं होतं. कसलं काय! आज चहा गार होईस्तोवर व्याख्यान. आपल्या नावातलं 'बॉटम' म्हणजे ढुंगण नव्हेच म्हणे. जुन्या इंग्रजीत दरीचा तळ. आणि 'साइड' म्हणजे बाजू नव्हे — 'सीड', म्हणजे रुंद.

"रुंद दरीतली माणसं, म्युरिएल! शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी एखाद्याला विचारलं असेल, कुठला रे तू? तो म्हणाला असेल, त्या रुंद दरीतला. झालं, तेच चिकटलं."

"छान," मी म्हटलं. "आता हसणाऱ्या प्रत्येकाला रस्त्यात थांबवून हे समजावत फीर."

"प्रत्येकाला नाही. रॉडनीला."

२१ सप्टेंबर

रॉडनीला समजावून झालं. फोनवर. पाऊण तास! पोराचं उत्तर मला स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू आलं — "बाबा, दरी असो नाहीतर डोंगर, लोकांना ढुंगणच ऐकू येतं!"

२२ सप्टेंबर

पुन्हा फोन केला याने. हात टेकले मी.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज तर कहर. साहेबांनी नकाशा बघून परस्पर ठरवलं, की आपली ती दरी स्टॉकपोर्टच्या पूर्वेला, टेकड्यांत कुठेतरी असणार. चीज-लोणच्याची सँडविचं, थर्मास, आणि मी — सगळं गाडीत घातलं आणि निघाला. पाऊस धरून बसलेला. दोन कुंपणं ओलांडली, तिसऱ्यात माझा झगा अडकून टराटरा फाटला. मेंढ्या बघत होत्या.

शेवटी एक शेतकरीणबाई भेटली. क्लेमंटने अगदी टोपी काढून विचारलं. ती म्हणाली, "रुंद दरी? इथे? आहे ती ही एवढीच, बाबा. आणि जपून जा हं, खाली गावाचं सांडपाणी येतं."

मला हसू आवरेना. आणि हा काठावर उभा राहून म्हणतो, "बघ, तशी रुंदच आहे."

नव्हती! आमच्या गल्लीएवढी होती. माझ्या बुटात पाणी, नाकाला वास, आणि हा भाविकासारखा बघतोय. माझा तोल सुटला. "कुणाच्या कुठल्या खापरपणजोबासाठी मी इथे चिखलात मरतेय? नाव आहे ते क्लेमंट, राजाचा मुकुट नव्हे! जाऊ दे की त्या पोराला!"



३० सप्टेंबर

सर्दी, ताप. अबोला. तो आपला चहा आपण करतो. वाईट करतो.

२ ऑक्टोबर

संध्याकाळी सूप घेऊन आला. पलंगाच्या कडेला बसला आणि खाली बघत म्हणाला, "म्युरिएल, माझा खापरपणजोबा नव्हता गं तो. कुणाचा होता, देव जाणे."

बिनलग्नाच्या आईचं पोर होता हा. चार वर्षांचा असताना आई त्याला घेऊन अर्नेस्टच्या घरी आली. अर्नेस्ट — ज्यांना मी जन्मभर सासरे म्हटलं! शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी पूर्ण नाव विचारलं. याला नुसतं 'क्लेमंट' एवढंच ठाऊक. अर्नेस्ट दारात उभे होते. तिथूनच म्हणाले, "साइडबॉटम. माझा आहे तो."

"सगळा वर्ग हसला, म्युरिएल. आणि मला काय आनंद झाला! म्हटलं, आता हसतात ते आम्हा दोघांना मिळून हसतात." मग म्हणाला, "त्यांना स्वतःला या नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. मला वाटलं, निदान आपण तरी शोधावा."

बत्तीस वर्षांचा संसार, आणि हे मला आज कळतंय!

"हे रॉडनीला का नाही सांगितलंस, मूर्ख माणसा?"

"मग तो माझी कीव येऊन हे आडनाव ठेवील. नको."

मी शाल गुंडाळून उठले, जिना उतरले, फोन लावला. क्लेमंट मागून "नको, नको" करत आला. मी म्हटलं, तू गप्प बस!

"रॉडनी, रविवारी ये. नावाचा वाद घालायचा नाहीये. तुला हवं ते लाव. पण तुझ्या बाबांना शाळेत कोण घेऊन गेलं होतं, एवढं त्यांच्या तोंडून ऐकून जा."