अण्णांची दुर्बीण, पंचवीस मीटर

८ जाने., गुरु.
सुट्टी, म्हणून नेमबाजीच्या क्लबात. पुन्हा तेच. गाल जरा हलला की दुर्बिणीतली फुली निशाणावरून सरकते. लांबच्या माऱ्यासाठी केलेली ती, पंचवीस मीटरवर तिचं जमत नाही. पण आमचे सासरेबुवा, अण्णा, ऐकतील तर! "दुर्बिणीला नावं ठिऊ नको. मान सरळ ठिव." पलटणीत असताना अण्णांनी लिलावात घेतलेली, पोटच्या पोरापेक्षा जास्त जपलेली. जिल्ह्याच्या मॅचला मी तीच लावावी, एवढं एकच मागणं. सुनेला नेमबाजी त्यांनीच शिकवली. नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

१२ जाने., सोम.
पहिली शिफ्ट. दिवसभर पार्ट तपासून डोळे शिणले. येताना कंपनीची बस चाकणच्या चौकात अडकली ती अडकलीच. सरावाला दांडी.

१५ जाने., गुरु.
क्लबचे सर वैतागले. "ताई, किती दिवस हे लोढणं? मॅचपुरती माझी घ्या." त्यांची नवी दुर्बीण लावली. सगळं लख्ख, छरे एकावर एक. इतकी खूश शेवटची कधी झाले होते, आठवत नाही. असंच मारलं तर राज्याच्या संघात नाव लागेल, सर म्हणाले.
सुधीर म्हणतो, "लाव की नवी. अण्णांना कशाला सांगायचं?" बाप त्याचा, पण जड जातंय मला. अण्णांनी दुर्बीण पुसून, फेट्याच्या कापडात गुंडाळून ठेवली होती.

२० जाने., मंगळ.
रविवारच्या मॅचसाठी शिफ्ट बदलून घेतली. सुपरवायझरचा चेहरा उपकार केल्यासारखा. बदल्यात रात्रपाळी. कंटाळा आलाय सगळ्याचाच.

२२ जाने., गुरु.
सराव चालू असताना अण्णांच्या दुर्बिणीतल्या फुलीची आडवी तार तुटली, लोंबायला लागली. सर म्हणाले, मोठी रायफल नुसती मागे धक्का देते. आपली स्प्रिंगची एअर रायफल मागे आणि लगेच पुढेही हिसका देते, जुन्या तारांना तो सोसत नाही. आणि बसवताना अण्णा काय म्हणाले होते? "थ्री-नॉट-थ्रीचा धक्का खाल्लाय हिनं. छऱ्याच्या बंदुकीनं काय व्हतंय?" मलाही पटलं होतं.
सरांनी त्यांची दुर्बीण हातात ठेवली. खरं लिहायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली.

२४ जाने., शनि.
दुपारी धीर करून सांगितलं, "अण्णा, तार तुटली." अंगणात बसले होते. दुर्बीण घेतली, समोरच्या टॉवरकडे लावून बराच वेळ...
"कुठं तुटलीया? दोन्ही तारा हायेत की. त्या क्रेनच्या टोकावर बराबर बसतीया फुली."
ती क्रेन दिवाळीतच काढून नेली.
अण्णांना दिसत नाही. कधीपासून, कोण जाणे. रोज पेपर उघडून बसतात, कोणाच्या लक्षात येणार? सुधीरच्या नाही, माझ्याही नाही.
"उद्या मागं बसतो मी. हीच लाव."
मी हो म्हणाले. बॅगेत दोन्ही दुर्बिणी भरल्यात. सुधीरला अजून सांगितलेलं नाही.
सरावाला येतात तेव्हा प्रत्येक छऱ्यानंतर विचारतात, "कुठं लागला?" इतके दिवस वाटायचं, माझी परीक्षा घेतात. उद्याही विचारतील.